स्थिर वजन

“सत्तावन्न!” सर वजनकाट्यावरून उतरले ते परीक्षेत पहिले आल्यासारखे. “तीन आठवडे तोच आकडा. शाबासकी नाही का, ताई?”

मी दिली नाही. डायलिसिसच्या मशीनवर काम करत अठरा वर्षं काढली की कुणावर विश्वास उरत नाही. पेशंट तांब्याभर पाणी पिऊन येतात आणि घोटभर म्हणून सांगतात. नवरा म्हणतो, मी उकळत्या दुधाकडेही चोरासारखी बघते.

सर शाळेत विज्ञान शिकवायचे. सुई टोचली की शिकवणी सुरू. “चहा खोलीतल्या हवेइतकाच गार झाला की तो समतोलात. मग त्यात काही घडत नाही. जिवंत माणूस समतोलापासून लांब असतो. बर्नरची ज्योत स्थिर दिसते, पण गॅस येत राहतो म्हणून. घ्यायचं, वापरायचं, पसारा बाहेर टाकायचा. एन्ट्रॉपी म्हणजे तो पसारा, ताई. माझा तुमचं मशीन बाहेर नेतं.”

माझं लक्ष त्यांच्या कॉलरवर होतं. बटण लावूनही दोन बोटं जातील इतकी सैल. चपलेचा पट्टा मात्र पायात रुतलेला. मांस झडत होतं आणि त्या जागी पाणी भरत होतं. काटा बिचारा बेरीज सांगत होता.

“काल काय जेवलात?”

“तुम्ही पोलिसात का नाही गेलात?”

“विषय बदलू नका. काकूंनाच फोन लावते.” काकू म्हणजे त्यांची बायको. पूर्वी न्यायला यायच्या, हल्ली गुडघा दुखतो म्हणे.

सरांनी मोकळ्या हाताने माझं मनगट धरलं. “नका लावू. माझ्याच खिशात वाजेल.”

मला कळायला एक क्षण लागला. “कधी?”

“तीन आठवडे झाले.”

“आणि सांगितलं नाहीत?”

“तुम्ही विचारता, काकू कशा आहेत. मी म्हणतो, बऱ्या आहेत. तेवढ्यापुरती ती असते.” मग म्हणाले, “आकडा हलत नव्हता. वाटलं, निभतंय.”

“गॅस बंद केलात, सर. ज्योत कशी राहील?”

माझा संशय खरा ठरला याची मला लाज वाटली. डॉक्टरांना बोलावलं. जादा पाणी काढल्यावर उरायला हवं ते कार्डावरचं वजन त्यांनी तीन किलोंनी उतरवलं आणि मशीनवरचा वेळ तासाने वाढवला.

पुढच्या खेपेला मी माझा अर्धा डबा सरांपुढे ठेवला, संपेपर्यंत पहारा दिला. मग विचारलं, “काकू कशा आहेत?”

“बऱ्या आहेत.”

मी रिकाम्या डब्याला झाकण लावलं.