मुकादमाची मोजदाद

आमच्या वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरला मुकादमानं टाचेला धरलं, त्यात चूक डॉक्टरची होती. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं आणि इथंही सांगते. संध्याकाळी साडेसहाला, सगळ्यांनी आत यायच्या वेळेला, हा माणूस एकटाच जिना चढून वर निघाला होता. मुकादमाच्या लेखी तो कळप सोडून चाललेला.

"तुमचा कुत्रा चावला मला," पायमोजा खाली ओढून तो म्हणाला.

"चावला असता तर तुम्ही इथं उभं राहून बोलला नसता. नुसते दात लावलेत. तुम्हाला तरी दातांची पारख हवी."

"आजी, रक्त आलंय!"

"ठिपका आलाय."

तेवढ्यात सून मागून आली, मला दंडाला धरून बाजूला केलं आणि त्याची माफी मागितली. एकदा नाही, तीनदा. मला आजवर कुणी दारातून बाजूला केलं नव्हतं. चौदा गाईंपैकी एकीचीही हिंमत झाली नव्हती.

मुकादम हा गुरं वळणारा कुत्रा. अंगानं फार मोठा नाही, करड्या रंगाचा, एक कान उभा, एक आडवा. या जातीला मांडीवर बसणं जमत नाही, लाडही फारसे सोसत नाहीत. त्यांना काम लागतं. माझ्या चौदा गाई हा एकटा कुरणातून घरी आणायचा. भुंकायचा नाही. मागून, जमिनीला पोट लावून यायचा आणि जी रेंगाळेल तिच्या मागच्या टाचेला दात लावून लगेच खाली चपटा व्हायचा. टाचही नेमकी निवडायचा, ज्या पायावर भार आहे त्याचीच. भार असलेला पाय गाईला झटकन उचलता येत नाही, आणि उचलून लाथ झाडेपर्यंत हा जमिनीला चिकटलेला, लाथ डोक्यावरून जाते. हे त्याला कुणी शिकवलं नाही. माझ्या मुलाला मी सोळा वर्षं शिकवलं, त्याला अजून लाथ चुकवता येत नाही. साहेबाच्या रोज खातो.

गाई आत आल्या की मी गोठ्याचा अडसर लावायचे. मग एकेकीच्या पाठीवर हात ठेवून नाव घेऊन मोजायचे. थोरली, चांदी, रुसकी, लंगडी, अशा चौदा. चौदावी मोजून झाली की दारात येऊन मुकादमाच्या कपाळावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "झालं रे." मग तो जागच्या जागी पडायचा, आतली दोरी कुणी सोडल्यासारखा. तोवर बसायचा नाही, खायचा नाही, पाण्याला तोंड लावायचा नाही.

एकदा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी दोन दिवस दवाखान्यात होते. आमच्या ह्यांनी गाई आत घेतल्या, अडसर लावला आणि कुत्र्याला "झालं, झालं" म्हणून स्वतःचा घसा बसवून घेतला. मी परत आले तेव्हा दोघंही गोठ्याच्या दारात. कुत्रा उभा, हे बसलेले, आणि दोघांचीही तोंडं फुगलेली. मी डोळ्यावरची पट्टी सावरत मुकादमाच्या कपाळावर हात ठेवला. तो धाडकन आडवा झाला. हे म्हणाले, "आता मलाही एकदा म्हण."

मी म्हटलं, "तुम्ही काय काम केलंत?"

पुढं हे गेले. मग माझे गुडघे गेले. मग गाई विकल्या. मुलानं विकायला लावल्या असं लोक म्हणतात. मला काही करायला लावणारा अजून जन्माला यायचाय. मीच विकल्या आणि कुत्र्याला घेऊन इथं मुलाच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर आले. खोली मला मागची दिली, जिथं आधी इस्त्रीचं टेबल आणि जुन्या बॅगा असायच्या. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते आणि तिच्यावरून खाली जाणारा एक पाइप. दहा महिन्यांत त्या पाइपाचा मला चांगला परिचय झालाय.

घरात माणसं तीन. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. सून रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. सकाळी जाते, संध्याकाळी येते, आणि माणसाकडे बघते तेही काचेच्या पट्टीवर ठेवल्यासारखं. नात पंधरा वर्षांची, कानात गाण्याचे बोळे घालून फिरते. तिघंही चांगली आहेत. मला वेळेवर चहा मिळतो, औषध मिळतं. "आई, काही हवं का?" हेही दिवसातून दोनदा मिळतं, दारातूनच, चप्पल पायात असताना.

पण साडेसहा वाजले की मुकादम कामाला लागायचा. आधी नातीच्या खोलीत जाऊन तिची चादर ओढायचा. मग स्वयंपाकघरात सुनेच्या पोटरीला नाक लावून ढकलायचा. शेवटी मुलगा, सोफ्यावर आडवा झालेला. त्याला टाचेलाच धरावं लागे. असे तिघं वळून, कुठंही पांगू न देता, तो माझ्या खोलीत आणून घालायचा आणि दारात आडवा उभा राहायचा.

पहिले काही दिवस सगळ्यांना मौज वाटली. पलंगावर दाटीवाटीनं बसायची. नात म्हणायची, "आज्जी, आम्ही तुझ्या गाई झालो." मी म्हणायचे, "गाई दूध तरी देत होत्या." मुलगा एखाद्या अडकलेल्या लिफ्टची गोष्ट सांगायचा. सून सांगायची, आज एक गृहस्थ सुई बघूनच चक्कर येऊन पडले. दहा मिनिटं, कधी पंधरा. मी मात्र कपाळाला आठी घालून बसायचे, कुणाला वाटायला नको की मी वाट बघत होते.

मुकादम तिघांकडे एकेक करून बघायचा. मग मान वळवून बाहेरच्या दाराकडे जायचा आणि तिथं उभा राहायचा. मोजणी पुरी होत नव्हती त्याची. दिवे मालवून सगळी झोपली तरी उभाच. पहाटे पाय लटपटले की कुठंतरी टेकायचा, दोन घास खायचा, तेवढंच. पुढं पुढं तो जिन्यात जाऊन पायांचे आवाज ऐकू लागला आणि मग ती डॉक्टरची टाच त्याच्या वाट्याला आली.

डॉक्टरनं सांगितलं, आठवड्याच्या आत कुत्रा गेला नाही तर रीतसर तक्रार करीन. बुधवारी मुलगा मला म्हणाला, "आई, एका गोदामाचा रखवालदार रविवारी दहाला येतोय. त्याला कुत्रा हवाय. पत्र्याची शेड आहे, साखळीला राहील. खायला व्यवस्थित घालतात."

"मुकादमाला साखळी? त्यापेक्षा मला बांध."

"तुला बांधलं तर गोदामवाला नोकरी सोडून पळेल."

हसला. मी हसले नाही. ज्या जनावरानं आयुष्यभर दुसऱ्यांना हाकलं ते चार हात साखळीत महिनाभर टिकणार नाही, हे मला ठाऊक होतं, आणि मुलाला हे ठाऊक नाही, यात माझीच शिकवण कमी पडली.

शनिवारी दुपारी तो माझ्या खोलीत आला. कुणी न वळता, आपणहून. पलंगाच्या कडेला बसला आणि दारात उभ्या कुत्र्याकडे बघत राहिला.

"आई, मी सुट्टीला यायचो तेव्हा हा संध्याकाळी कसा मेल्यासारखा पडलेला असायचा. अंगावरून माणसं जायची. इथं याचं काय बिघडलं?"

"तिथं मी त्याला सोडायचे."

"मग इथं सोड."

"काम संपल्याशिवाय सोडत नाहीत."

"आई," तो हळू आवाजात म्हणाला, "काम संपून आठ महिने झाले."

मी पलंगावरची चादर सरळ करू लागले.

विकलेल्या गाई न्यायला ट्रक आला त्या दिवशी त्यांना फळीवरून वर चढवलं ते मुकादमानंच. त्याला वाटलं, नवा गोठा. चौदाच्या चौदा चढवल्या, एकीलाही घसरू दिलं नाही. ड्रायव्हरनं मागचं फळकूट लावलं. मग कुत्रा माझ्यासमोर येऊन उभा राहिला, कपाळ वर करून. माझा हात उचलला जाईना. म्हणायला गेले असते तर शब्दाआधी दुसरंच काही बाहेर पडलं असतं, आणि तो ड्रायव्हर बिडी ओढत माझ्याकडे बघत होता. परक्यासमोर मी रडणारी नव्हे. मी पाठ फिरवली, घरात गेले, कडी लावली आणि एक घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. ट्रकचा आवाज संपेपर्यंत घासत होते.

"त्या दिवशी मी त्याला म्हटलंच नाही," मी मुलाला सांगितलं.

"काय?"

"झालं."

"का?"

"भांडी घासत होते."

तो जमिनीकडे बघू लागला. मग उठून गेला, जाताना माझ्या खांद्याला हात लागला की लावला, ते कळलं नाही.

मी तशीच बसले. आता गोष्ट सरळ होती. मुकादमाला सोडलं तर तो डॉक्टरच काय, कुणाच्याच टाचेला जाणार नाही, आणि इथं राहील. पण साडेसहाला मला माणसं आणून देणारं या घरात दुसरं कुणी नव्हतं. समोरच्या पाइपाकडे बघत मी दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. खरं सांगते, लगेच निकाल लागला नाही. एकदा मनात आलंसुद्धा, राहू दे त्याला असाच उभा, गोदामाचं गोदामवाला आला की बघू. असं मनात आणणारीला काय म्हणतात ते मला येतं, पण स्वतःला म्हणवत नाही.

साडेसहाला मुकादम कामाला लागला. नातीला आणलं, सुनेला आणलं, मुलाला आणलं. मुलानं दोघींना सांगितलं असावं, कारण आज कुणी कुरकुरलं नाही. तिघांकडे बघून कुत्रा बाहेरच्या दाराकडे वळला.

"थांब," मी म्हटलं.

तो थांबला. मी पलंगाचा आधार घेऊन उभी राहिले. खोटं बोलून भागणार नव्हतं, या कुत्र्याला मोजता येतं. म्हणून मी मोजायला सुरुवात केली, तेव्हा मोजायचे तशीच, हात पुढं करून, पाठीच्या उंचीवर.

"थोरली. गेली. चांदी. गेली. रुसकी, तीही गेली, जाताना रुसली नाही. लंगडी."

हात एकेका पाठीवरून पुढं सरकत होता आणि खाली काही लागत नव्हतं. नातीनं कानातले बोळे काढले. अकराव्या नावाला मी अडखळले. मुलानं बसल्या जागेवरून नाव पुरवलं. याला माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं.

चौदा झाली. मी मुकादमाजवळ गेले, गुडघा कुरकुरला तरी वाकले आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला. त्यानं माझा तळहात हुंगला. बोटं, मनगट, पुन्हा बोटं. गोठ्याचा वास शोधत असावा. तिथं आता साबणाचा वास होता.

"झालं रे," मी म्हटलं.

तो लगेच पडला नाही. माझ्याकडे बघत राहिला, उशीर केल्याबद्दल बघतात तसा. मग मागचे पाय आधी दुमडले, मग पुढचे, मग लांब श्वास सोडून डोकं फरशीवर टेकलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याचं घोरणं ऐकलं. तिघं त्याला ओलांडून हळूच आपापल्या खोल्यांत गेली.

रविवारी दहाला रखवालदार आला. मुकादम जिन्याच्या तोंडाशी उन्हात पसरला होता. डॉक्टर वरून उतरला, भिंतीला चिकटून, दोन पायऱ्या गाळून त्याच्या अंगावरून गेला. कुत्र्यानं कानसुद्धा हलवला नाही. रखवालदारानं हे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"हा काय राखण करणार? हा तर पेन्शनीत निघालाय."

"तुम्हीही कधीतरी निघाल," मी म्हटलं. "तेव्हा इतकी छान झोप लागली तर बघा."

तो गेला. मुलानं डॉक्टरला जाऊन सांगितलं, डॉक्टर म्हणाला, ठीक आहे, बघू. आता दोन महिने झाले. परवा तो मुकादमाला बिस्कीट देताना सापडला आणि मला बघून त्यानं हात खिशात घातला.

साडेसहा रोज वाजतात. मुकादम माझ्या पलंगाखाली झोपलेला असतो. पहिल्या आठवड्यात तिघं आपणहून यायची, पुढं कधी दोघं, कधी एकच. मग कामं निघाली, परीक्षा निघाली. त्यांना दोष देत नाही. मीही त्यांच्या वयात सासूच्या खोलीत कामाशिवाय जात नव्हते.

काल मीच उठले. नातीचं दार अर्धं उघडं होतं, ती पालथी पडून काही वाचत होती. स्वयंपाकघरात सून फोनवर बोलत भाजी चिरत होती. मुलगा सोफ्यावर, एक पाय खाली सोडलेला. टाच अगदी समोर. मी उभी राहिले.

त्यानं डोळे उघडले. "आई? काही हवं का?"

"काही नको. कोण कोण आलंय ते बघत होते."

"सगळे आलेत."

"बरं," मी म्हटलं आणि परत आले. पलंगावर बसले. मुकादमानं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं, मी आत आहे याची खात्री करून घेतली आणि पुन्हा मिटला.