टाकीभर हवा आणि हंसाबाईचा एक दम

मी टाकी बोलतेय. पाण्याची नव्हे, गॅसची नव्हे, आणि ऑक्सिजनची तर मुळीच नव्हे! किती वेळा सांगायचं? माझ्या पोटात साधी हवा असते. तुम्ही आत्ता फुकटात ओढताय तीच, फक्त दाबून दाबून भरलेली. मला पाठीवर बांधायचं, नळीचं टोक तोंडात धरायचं आणि पाण्याखाली जायचं. याला म्हणतात स्कूबा डायव्हिंग.

माझा जन्म कारखान्यातला असला तरी माझं खरं आयुष्य मालवणच्या किनाऱ्यावर गेलं. आता मी आर्णीजवळ एका विहिरीच्या काठावर आडवी पडले आहे. माझ्यामुळे हंसाबाईचा जीव जाता जाता वाचला, एकदा नाही, दोनदा. आणि मी जोरात ओरडूनसुद्धा सांगू शकत नव्हते. अशी चिडचिड वैऱ्यालाही न लाभो.

किनाऱ्यावर दोन तऱ्हेची माणसं यायची. एक माझी गिऱ्हाइकं. अर्धा तास खाली फिरायचं, मासे बघायचे, बुडबुडे सोडायचे. दुसरी मला हातही न लावणारी. ती होडीच्या कडेला बसून एकच श्वास भरून घ्यायची आणि सरळ खाली जायची. दीड-दोन मिनिटांनी डोकं वर. त्यांना फ्रीडायव्हर म्हणत. बुडबुडे नाहीत, आवाज नाही, त्यामुळे मासे त्यांच्या हाताला घासून जायचे. मला भारी राग यायचा. एवढी मी बारा लिटरची, तयार उभी, आणि ह्यांना नको!

पण दोघांचा नियम उलटा, हे तिथलं शेंबडं पोरही जाणायचं. काठावर भरलेला दम धरून खाली जा, तोच धरून वर या, फुफ्फुसाला काही होत नाही. खाली, पाण्याच्या दाबात, माझ्यातली हवा घेतलीत तर मात्र वर येताना ती छातीत फुगत जाते. ती सोडत सोडत यायचं. दम धरून वर आलात तर फुफ्फुस फाटतं. बस्, एवढंच. पण हे 'एवढंच' यवतमाळात कोणाला माहीत नव्हतं.

यवतमाळला मला आणलं चारुदत्त वकिलांनी. मालवणला सहलीला आले, वीस मिनिटं खाली गेले, तेही शिकवणाऱ्याने मागून मानगूट धरलेली असताना. वर आले ते डायव्हर होऊनच! अर्ध्या हळकुंडाने पिवळे म्हणतात ते असे. एक दुकान बंद पडत होतं, तिथून त्यांनी मला जाकीट आणि नळ्यांसकट उचललं. पिशवीत नियमांची एक पुस्तिका होती. तिचं प्लास्टिकसुद्धा दोन वर्षं कोणी फाडलं नाही.

मग सुरू झाले माझे हाल. मी दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी. आला पाहुणा की, "घ्या घ्या, एक झुरका घेऊन बघा." शेजारच्या काकू दम्यासाठी मला मागायला आल्या. शोभाताई, म्हणजे वकिलांच्या सौभाग्यवती, माझ्यावर ओला नॅपकिन वाळत घालायच्या. झुरक्या-झुरक्याने माझी हवा पाव हिश्श्यावर आली, तेव्हा वकीलसाहेब मला स्कूटरवर आडवी घालून कुठे घेऊन गेले असतील? बाबुलालच्या पंक्चरच्या दुकानात!

"साहेब, पस्तीस मारू का चाळीस?" बाबुलालने विचारलं.

पस्तीस! अरे, मला तीन हजार लागतात! मला हात असते तर मी तिथेच टेकले असते. आले तशीच, न भरता परत.

गेल्या भाद्रपदात वकिलांच्या बालमित्राचा, विठ्ठलरावांचा, आर्णीहून फोन आला. इंदुताई, म्हणजे विठ्ठलरावांची बायको, विहिरीच्या पायऱ्यांवर बसून महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे चिंचेने घासत होत्या. ज्येष्ठेचा मुखवटा हातातून सटकला आणि थेट तळाला गेला. विहिरीत पाच परस पाणी, म्हणजे पाच माणसं एकावर एक उभी केली तरी बुडतील एवढं. आणि महालक्ष्म्या दुसऱ्याच दिवशी बसायच्या.

"कोणाला उतरवू नको, मी टाकी घेऊन येतो," वकील म्हणाले. माझ्यातल्या पाव हिस्सा हवेच्या भरवशावर!

आम्ही पोचलो तर पायरीवर एक बाई कासोटा घालून तयार बसलेली. पंचावन्नच्या पुढची, काटक, कमरेला विळा. तीच हंसाबाई. माहेर फुलसावंगीकडचं. पैनगंगेच्या डोहात पोरीपोरी शर्यत लावून बुड्या मारायच्या, तेव्हापासूनचा हा नाद. कोणाची बादली पडली, मोटरचा पाइप सुटला की तिला बोलावतात. एरवीही ती उगाच, मजेखातर बुडी मारते. विचारलं तर म्हणते, "खाली गेलं का डोकं थंड होते."

म्हणजे ही फ्रीडायव्हर! माझी जुनी सवत मला आर्णीत भेटली.

"तुम्ही बसा बाई. आता विज्ञानाचा जमाना आहे," वकील म्हणाले.

"बसतो नं बापा. पन मंग लवकर उतरा, दिवस मावयते."

वकिलांना तयार व्हायला पाऊण तास लागला. विठ्ठलराव कंटाळले. "चारू, काहून एवढा टाइम लावून राह्यला? लग्नाले चाल्ला का?"

शेवटी उतरलो. तळाला पोचताच साहेबांनी पाय झाडले आणि सगळा गाळ उसळला. डोळ्यांपुढचा हात दिसेना. त्यात जाकिटाचा पट्टा मोटरच्या जुन्या पाइपात अडकला. माणूस घाबरला की भसाभसा श्वास घेतो. माझा काटा लाल पट्ट्यात गेला तरी ह्यांनी एकदा पाहिला असेल तर शपथ!

वर हंसाबाईला एवढंच दिसलं की बुडबुडे एकाच जागी येताहेत. तिने कोणाला विचारलं नाही. एक दम भरला आणि आली. गाळात चाचपडत तिचा हात माझ्यावर पडला, मग पट्ट्यावर.

आणि इथे आमच्या साहेबांना माणुसकी आठवली! बाई बिनहवेची आली आहे, हिला हवा द्यावी, म्हणून त्यांनी स्वतःच्या तोंडातली नळी काढली आणि तिच्या ओठांना लावली.

घेऊ नको! मी आतल्या आत किंचाळत होते. ही बाई जन्मभर दम धरूनच वर आलेली. माझा एक घोट घेईल, सवयीने धरून ठेवेल आणि पाच परस वर जाईपर्यंत संपेल! घेऊ नको गं बाई!

तिने नळी ढकलली. साहेबांनी पुन्हा लावली. तिने पुन्हा ढकलली. तिसऱ्यांदा तिने तोंडच फिरवलं, विळ्याने पट्टा कापला, माझ्यासकट जाकीट अंगावरून ओरबाडलं आणि साहेबांना वर लोटलं. ते बोंबलत वर गेले. बोंबलले म्हणूनच वाचले, हवा बाहेर पडत गेली. पुढच्या बुडीत हंसाबाईने मुखवटा आणला. त्याच्या पुढच्या बुडीत दोर बांधून मला.

काठावर धाप लागलेले वकील म्हणाले, "मी हवा देत होतो, तर घेतली का नाही?"

"कोनाच्या तोंडातलं उष्टं कायले घेऊ मी?"

सगळे हसले. इंदुताईंनी तेवढा तिच्या अंगावरून भाकरतुकडा ओवाळला, पण हसल्या त्याही. आणि पुढचे पंधरा दिवस यवतमाळच्या दिवाणखान्यात हाच किस्सा! "जीव गेला असता, पण उष्टं नाही घेतलं! काय अडाणी बाई!" लोक खो-खो हसायचे. ज्या बाईने ह्यांना गाळातून उपसलं ती अडाणी, आणि हे शहाणे! मी टीव्हीशेजारी उभी राहून ऐकत होते. माझ्या पितळी झडपेला चटका बसायचा.

बरं, हसून थांबावं ना? नाही. वकिलांना उपकार फेडायचे होते. "हंसाबाईला शिकवू. खाली एक घोट घ्यायचा, दम धरायचा आणि वर यायचं. पुढे कधी अडकली तर उपयोगी पडेल." रविवारी आम्ही पुन्हा आर्णीच्या विहिरीवर. इंदुताईंनी नळीचं टोक उकळत्या पाण्यात घालून चिंचेने चोळलं. "आता उष्टं नाही हो."

संपलं! तिला वाचवणारी एकच गोष्ट होती, तीही धुऊन निघाली.

"एवढं म्हन्ता तं पाहू एक खेप," म्हणत हंसाबाई कमरेइतक्या पाण्यात उतरली. माझ्यात पाच-सहा श्वास उरले होते. मारायला एक पुरे होता.

वकिलांची लेक स्पृहा सुट्टीला आली होती. काठावर बसून तिने पिशवी उघडली, पुस्तिकेचं प्लास्टिक फाडलं आणि बापाची फिरकी घ्यायची म्हणून मोठ्याने वाचायला लागली. "बाबा, ऐका, नियम पहिला. पाण्याखाली टाकीतली हवा घेतल्यावर दम धरून कधीही वर येऊ नये. फुफ्फुस..." ती थांबली. मग ओरडली, "मावशी! थांबा! तोंडात घेऊ नका!"

वकिलांनी पुस्तिका हातात घेतली. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

"तीनदा," ते म्हणाले. "त्या दिवशी तीनदा मी तुमच्या तोंडाला लावली."

हंसाबाई पाण्यातून पायरीवर आली. मग म्हणाली, "अन् तुमी यवतमाळात मले अडाणी म्हनत होते."

वकिलांनी वाकून तिच्या ओल्या पायांना हात लावला. तिने लावू दिला.

मग ती माझ्याजवळ आली आणि नळीवरचं मधलं बटण दाबून धरलं. फुस्स करत माझी उरलेली हवा सुटली. समुद्राचा वास वगैरे काही आला नाही, कोरडी हवा ती. पण किती वर्षं मीही दम धरूनच होते, हे मला तेव्हा कळलं. फार बरं वाटलं.

वकिलांनी मला विहिरीवरच ठेवलं. आता हंसाबाई बुडी मारून आली की माझ्यावर बसून केस वाळवते. माझी एकच विनवणी आहे. मला पुन्हा भरायचं असेल तर आधी ती पुस्तिका वाचा, आणि ज्याच्याकडे स्वतःचा दम आहे त्याच्या तोंडाला मला लावू नका.

परवा बांधावरून जाणाऱ्या एकाने विचारलं, "मावशी, हे ऑक्सिजनचं हाये का?"

"नाही बापा," माझ्यावर थाप मारत हंसाबाई म्हणाली, "साधी हवा व्हती. आता ते बी नाही."