दीड दिवसाचे मौनीबाबा

पार्वताबाईच्या दारातला चपलांचा ढीग रस्त्यापर्यंत गेला होता. आत तिचा दीड दिवसाचा नातू रडत नव्हता, दूध पीत नव्हता आणि म्हणे ओंकार जपत होता.

"हे बाळ नाही, मौनीबाबा!" अकोल्याचे सूर्यभान महाराज मोरपीस फिरवत होते. "जन्मतः मौन, जन्मतः उपवास! घ्या चिमटा. रडलं तर गादी सोडतो!"

दोघांनी खरंच चिमटे घेतले. बाळानं महाराजांची गादी राखली.

उपकेंद्राची नर्स पायल बाळंतीण रागिणीची चौकशी करायला आली होती. तिनं बाळाच्या छातीला कान लावला. दर श्वासाला कण्हणं, बरगड्यांखाली खड्डे, पाय गारठलेले. घड्याळ धरून श्वास मोजले: मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. आजाराच्या एकेका लक्षणाला महाराजांनी सोवळं नेसवलं होतं.

"माय, रागिणीची पाणमोट कधी फुटली?" तिनं पार्वताबाईला विचारलं.

"रविवारी सकाळी. बाळंत झाली सोमवारी सांजीले. महाराज म्हने गंगा आली, मुहूर्ताबिगर हलवू नका."

"अन् ताप?"

"होता ना. तपाचा."

पायलचं डोकं फिरलं. "हे जप नाई करून राहिलं, माय! दम लागून राहिला याले!"

"सिद्धपुरुषाला सुई टोचाल तर पाप लागेल," महाराज गरजले.

तापानं फणफणलेली रागिणी भिंत धरून उठली. तिनं बाळ उचललं. "लेकरू माहं हाय. पाप लागन तं मले लागन. गाडी बोलवा, सिस्टर."

अकोल्यात डॉक्टरांनी पार्वताबाईला समजावलं, "बाळाला आईच्या अंगातल्या जंतूंची लागण झाली आहे. असे जंतू कित्येक धडधाकट बायांच्या अंगात असतात, त्यांना पत्ताही नसतो. पाणमोट फुटली की ते बाळाकडे चढतात. जितका उशीर, तितका धोका. वेळेवर आणली असती तर कळांमध्येच आईला औषध देता आलं असतं."

पाचव्या दिवशी सुई टोचताच बाळानं अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला. पार्वताबाई रडत रडत हसली. पायलनं महाराजांना फोन लावला. गादीचं विचारायचं होतं. फोन बंद. आता महाराजांनी मौन धरलं होतं.

म्हणून बायांनो, बाप्यांनो, पाणमोट फुटली की पंचांग नाही, गाडी काढा. आणि जे बाळ रडत नाही, पीत नाही, कण्हतं, त्याच्या पाया पडू नका. त्याला घेऊन दवाखान्यात पळा.