बाजूच्या वहिनी

लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तिचं हे तिसरं घर होतं. घर आपलं म्हणायचं. लष्करी वसाहतीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर, भिंतींना सरकारी रंग आणि दारावर आधीच्या माणसाची पाटी काढल्यावर उरलेली चार भोकं. येऊन पाच महिने झाले तरी सातपैकी चार ट्रंका बांधलेल्याच होत्या. पडदे त्यातल्याच एकीत होते, म्हणून खिडक्यांना वर्तमानपत्रं. एक ताट, एक वाटी आणि दोन पेले तेवढे बाहेर काढले होते. त्यात तिचं भागत होतं. नवरा सीमेवर गेला होता आणि त्याला परत यायला अजून दोन महिने होते.

मुळात ती अशी घुमी नव्हती. पहिल्या ठिकाणी तिने आल्या आल्या मैत्रिणी जोडल्या आणि अकरा महिन्यांत बदली आली. दुसऱ्या ठिकाणी एका छोट्या शाळेत नोकरी लागली, मुलं ‘बाई, बाई’ करत मागे फिरू लागली, तोवर ट्रक दारात उभा. त्या ट्रकमध्ये बसताना तिने ठरवून टाकलं, आता पुरे. इथून पुढे कुणाशी ओळख नको आणि मग निघताना रडारड नको.

तिला माहेरची भयंकर आठवण यायची. दुपारी पडल्या पडल्या ती मनातल्या मनात माहेरच्या घरात हिंडून यायची, जिन्याच्या मोडक्या पायरीपासून भावाच्या पसाऱ्यापर्यंत. पण आईला हे कसं सांगायचं? आई तीस वर्षं सरकारी दवाखान्यात आया होती. माणसाचा चेहरा बघून दुखणं ओळखायची. नशीब की फोनवर चेहरा दिसत नव्हता.

रोज संध्याकाळी सातला आईचा फोन यायचा आणि प्रश्न ठरलेला, “बाजूला कोणी आहे ना गं?” एका संध्याकाळी वैतागून लेकीने ठोकून दिलं की आहेत, वहिनी आहेत, फार चांगल्या आहेत. थाप एकदा जन्माला घातली की तिला रोज खाऊपिऊ घालावं लागतं. वहिनींना दोन मुलगे झाले. वहिनी रोज वाटीभर भाजी पाठवू लागल्या. मध्यंतरी लेकीला ताप आला तेव्हा वहिनींनीच तिला डॉक्टरकडे नेलं, रात्रभर उशाशी बसल्या. खरं तर ती आठ दिवस एकटी खोकत पडली होती आणि औषधाच्या दुकानापर्यंत दोनदा भिंतीला धरून गेली होती.

मग एके दिवशी आई म्हणाली, “मी पुढच्या आठवड्यात येतेय. आठ दिवस राहीन. त्या वहिनींचे पाय धरायचेत मला.”

लेकीने आधी नको, नको म्हणून पाहिलं. मग तिला एक युक्ती सुचली, जी फक्त फौजीच्या बायकोलाच सुचावी. वहिनींची बदली झाली, असं तिने सांगून टाकलं. गेल्याच आठवड्यात ट्रक आला आणि गेल्या बिचाऱ्या. आई लगेच म्हणाली की असं असेल तर पुढच्या आठवड्यात कशाला, परवाच निघते. घ्या! करायला गेली एक आणि झालं भलतंच.

आई आली. तिने ट्रंका पाहिल्या, वर्तमानपत्रं पाहिली, एकुलतं एक ताट पाहिलं. पिशवीतून परतीची तिकिटं काढून तिने ट्रंकेवर ठेवली. दोन होती. “तुला यायचं असेल तर ये,” एवढंच म्हणाली. लेकीने तिकिटाकडे पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. जायचं, नवरा येईल तेव्हा येईल, त्याला कळवता येईल. तिचं जवळजवळ ठरलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मागच्या अंगणात चूळ भरत होती. बाजूच्या अंगणात एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती, चाळिशीची, कपाळावर आठी घेऊनच उठल्यासारखी. आईने सहज विचारलं, नव्याने राहायला आलात का?

“नाही हो मावशी, दोन वर्षं झाली.”

आत चहा गाळणाऱ्या लेकीचा हात तिथेच थांबला. आता आई वळणार आणि विचारणार, या धास्तीने तिने मान खाली घातली. पण आईने कुंपणावरूनच त्या बाईला चहाला बोलावलं. पेले दोन आणि माणसं तीन, म्हणून लेकीने वाटीत चहा घेतला.

शेजारीण त्या वाटीकडे बघत म्हणाली, “तुमचा खोकला मला ऐकू यायचा. आठ दिवस. या घरांच्या भिंती म्हणजे नुसत्या नावाला. खोकला थांबला की मला बरं वाटायचं. पण दार नाही वाजवलं मी.”

तिने कारणही सांगितलं. या वसाहतीतून तिने चार जणींना निरोप दिला होता. चौघींना जीव लावला, चौघी गेल्या, सुरुवातीला फोन यायचे, मग तेही थांबले. पाचवीच्या वेळी तिने मन घट्ट केलं होतं. जाणाऱ्या माणसात कशाला गुंतायचं?

लेकीला वाटलं आपण चिडू. पण चिडायला तोंड कुठे होतं? तिला दोन महिन्यांपूर्वीची दुपार आठवली आणि ती खरं बोलून गेली. “तुमच्याकडे रडण्याचा आवाज येत होता एकदा. मी रेडिओ मोठा केला.”

“माझे वडील गेले त्या दिवशी,” शेजारीण म्हणाली. “नवरा इथे नव्हता. मुलगी शाळेत होती.”

अरेरे! एक भिंत, तिच्या दोन्ही बाजूंना दोन बायका, एक खोकतेय, एक रडतेय, आणि दोघीही शहाणपणा करतायत! लेकीला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आईने पेला खाली ठेवला. “मी तीस वर्षं वॉर्डात काढली,” ती म्हणाली. “पेशंट तिथे चार-आठ दिवसांसाठी येतो. पण बाजूच्या खाटेवरचा माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, पाणी देऊ का? किती दिवस आहात ते सांगा, मग पाणी देतो, असं म्हणणारा मला तरी कुणी भेटला नाही. तिथून माणसं बरी होऊन जातात किंवा नाही जात. जाताना डोळ्यांत पाणी येतंच. येऊ दे की. त्या भीतीने कुणी तहानलेलं राहत नाही.”

“पण आई, मला थकवा येतो गं,” लेक म्हणाली आणि तिला एकदम रडू फुटलं. “दर वेळी पहिल्यापासून सगळं. नवं घर, नवा दूधवाला, नवी माणसं. मला घरी यायचंय.”

“मग ये. घर तुझंच आहे. पण इथे कुणी नाही म्हणून पळून येऊ नकोस. इथे कुणी आहे, आता तर दिसतंय.”

शेजारीण एकदम उठून गेली. दोघींना वाटलं, राग आला. दहा मिनिटांनी ती आली ती हातात पक्कड आणि हातोडी घेऊन. म्हणाली की पडद्यांच्या ट्रंकेची किल्ली सापडत नसेल तर कुलूप तोडून टाकू, पण खिडकीवरचा तो कागद तिला रोज बघवत नाही. बोलायला जरा फटकळच होती.

आई आठ दिवस राहिली. थकवा काही जादूने गेला नाही. लेक अजूनही दुपारी माहेरच्या घरात हिंडून यायची, पण आता मध्येच कुंपणापलीकडून हाक यायची आणि तिला परत यावं लागायचं. परतीच्या दिवशी स्टेशनवर तिने आपलं तिकीट आईच्या हातात दिलं. आईने ते घडी करून पिशवीत टाकलं.

“आई, वहिनी खोट्या आहेत हे तुला कधी कळलं?”

“पहिल्याच महिन्यात,” आई म्हणाली. “रोज कौतुक करायचीस. अख्ख्या महिन्यात एकदाही त्यांच्याबद्दल कुरकुर केली नाहीस. खरी शेजारीण असती तर आठव्या दिवशी केली असतीस. म्हणून तर दोन तिकिटं काढली.”

वाचकहो, आपल्याही गल्लीत कधी सामानाचा ट्रक थांबतो. कुणी फौजेतलं असतं, कुणी बँकेतलं, कुणी नुसतंच भाडेकरू. आपण खिडकीतून बघतो आणि मनात म्हणतो, किती दिवसांचे हे! हा हिशेब आपण सोडून देऊ या. आलेला माणूस एक ना एक दिवस जाणारच, आणि आपण तरी कुठे कायमचे आहोत? पण तो खोकतो ते आज खोकतो, आणि आपल्याला ते आज ऐकू येतं. पहिल्याच दिवशी जाऊन दार वाजवावं.