दोनशे मालकांची बस

आमच्या कंपनीला दोनशे मालक आहेत आणि नोकर दोघंच. एक मी, मॅनेजर. दुसऱ्या माझ्या सासूबाई, ड्रायव्हर.

कंपनी म्हणजे एक बस. पूर्वी शहराकडून एक बस यायची. ती परवडत नाही म्हणून बंद झाली, तेव्हा गावाने घरटी एक शेअर काढला आणि ही जुनी गाडी विकत घेतली. रंग कोणता द्यायचा यावर तीन सभा झाल्या. शेवटी पुढून हिरवी आणि मागून पिवळी असा तोडगा निघाला, त्यामुळे दोन्ही पक्षांना आपणच जिंकलो असं अजून वाटतं. मॅनेजर निवडायच्या सभेला मी जरा उशिरा पोचलो, म्हणून मला निवडलं. ड्रायव्हरसाठी मात्र सभा घ्यावी लागली नाही. सासूबाईंनी अर्धं आयुष्य दुधाचा ट्रक चालवण्यात घालवलं आहे, आणि मोठी गाडी हाकणारं दुसरं कुणी गावात उरलेलं नाही.

आता तुम्हीच सांगा, सासूला हुकूम कसा सोडायचा? माझा स्वभाव तापट. दुसरा ड्रायव्हर असता तर पहिल्याच दिवशी त्याला फैलावर घेतलं असतं. पण सासूबाई मला ‘जावईबापू’ म्हणतात, अहोजाहो करतात, ‘मॅनेजर तुम्ही, तुमचा शब्द खाली पडू देणार नाही’ असं पदर सावरून सांगतात, आणि मग स्वतःच्या मनात असेल तेच करतात.

त्यांच्या मनात एकच असायचं. कुणालाही मागे सोडायचं नाही.

न्हावी खिडकीतून ओरडायचा, "आलोच!" हातात वस्तरा, खुर्चीत गिऱ्हाईक, गिऱ्हाइकाच्या एका गालाला साबण. आणि बस थांबून. शिंपीणबाई घराला कुलूप लावायच्या, चार पावलं चालायच्या, परत जाऊन कुलूप ओढून बघायच्या. बस थांबून. सुताराचं तर रोजच काहीतरी सामान असायचं, कधी स्टूल, कधी कपाटाचं दार.

"आई, निघा की आता!" मी मागून ओरडायचो.

"मालक आहे तो, जावईबापू. मालकाला त्याच्याच गाडीने टाकून जायचं?"

"अहो, दोनशे मालक आहेत!"

"म्हणून तर वेळ लागतो."

गाडीतले बाकीचे मालक पोट धरून हसायचे.

मला हसू येत नव्हतं. माझी बायको शहरातल्या इस्पितळात नर्स आहे. शहराकडून येणारी बस बंद झाली तेव्हापासून ती तिथेच एका खोलीत राहत होती. शनिवारी कुणाच्या तरी गाडीने यायची, सोमवारी पहाटे जायची. आमची लेक चार वर्षांची. तिला सगळे मिरची म्हणतात, कारण ती माझ्यावर गेली आहे. दर सोमवारी मिरची उठायची, रिकाम्या अंथरुणाकडे बघायची आणि मग दिवसभर माझ्याशी बोलायची नाही, जसं काही मीच तिच्या आईला हाकलून दिलं होतं. मी कंपनीसाठी घसा फोडून ओरडायचो ते गावाच्या भल्यासाठी, असं लोक समजतात. समजू देत. मला माझी बायको घरी हवी होती.

बस सुरू झाली त्या आठवड्यात ती खरोखरच घरी राहायला आली होती. तीन दिवस. तिन्ही दिवशी न्हावी, शिंपीण आणि सुतार यांच्या कृपेने ती ड्यूटीवर उशिरा पोचली. तिसऱ्या दिवशी इस्पितळातल्या मोठ्या नर्सबाईंनी तिला सगळ्यांसमोर सुनावलं. त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"अहो, मी खोली सोडत नाही. नोकरी गेली तर बस असून काय उपयोग? आधी गाडी वेळेवर धावू दे."

फोन मी सासूबाईंच्या समोरच घेतला होता. त्यांनी सगळं ऐकलं. त्या रात्री जेवल्या थोडंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा न्हाव्यासाठी थांबल्या. मी कपाळावर हात मारला.

मग परिवहन कार्यालयाचं पत्र आलं. आमचा परवाना होता तात्पुरता. येत्या गुरुवारी साहेब स्वतः बसमधून प्रवास करणार, आणि प्रत्येक थांब्यावरून गाडी ठरल्या वेळेला सुटली तरच परवाना कायम होणार. नाहीतर बस बंद.

मी तातडीने सभा बोलावली. सगळे मालक आले. बस कुणासाठीही थांबणार नाही, असा ठराव मी मांडला. टाळ्यांच्या कडकडाटात एकमताने मंजूर झाला. मग एकेक मालक मला बाजूला घेऊन सांगू लागला, "बाकीच्यांना शिस्त लावा हो. माझं तेवढं जरा सांभाळून घ्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी टेबलावर चढलो. म्हटलं, "नीट ऐका! मालक असो, मालकाची आई असो, नाहीतर खुद्द मॅनेजर असो. वेळ झाली की गाडी सुटणार. आई, ऐकलंत ना?"

सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. म्हणाल्या, "ऐकलं, जावईबापू." त्यांच्या आवाजावरून मला काहीच अंदाज आला नाही.

गुरुवारी सकाळी मी थांब्यावर गेलो तर अख्खं गाव आधीच हजर. न्हाव्याने दुकान उघडलंच नव्हतं. शिंपीणबाई म्हणाल्या की त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली शेजारणीकडे देऊन टाकली, म्हणजे परत बघायला जाण्याचा प्रश्नच नको. ज्यांना शहरात काडीचं काम नव्हतं तेही इस्त्रीचे कपडे घालून गाडीत बसायला आले होते. त्यांना मी महत्प्रयासाने घरी पाठवलं. साहेब आले, सासूबाईंच्या मागच्या बाकावर बसले आणि त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. गाडीत कुणी ब्र काढेना. एवढी शांत बस मी कधी पाहिली नव्हती.

पहिला थांबा, वेळेवर. दुसरा, वेळेवर. माझ्या जिवात जीव आला. आता गावाबाहेरचा सुतारखाना, की मग थेट शहर.

सुतार उभा होता. शेजारी एक अख्खी खिडकी उभी होती. काचेसकट.

"आज?" मी खाली उडी मारली. "आजच खिडकी?"

"गिऱ्हाइकाला शब्द दिलाय हो. हलकी आहे, धरा जरा."

ती अजिबात हलकी नव्हती. मी खालून रेटली, आतून न्हाव्याने ओढली, शिंपीणबाईंनी काचेला पदराचा आधार दिला, आणि खिडकी आत गेली. पाठोपाठ सुतार आत गेला. जाताना त्याच्या एका पायातली चप्पल निसटून रस्त्यावर पडली.

"माझी चप्पल!" तो ओरडला.

मी वाकलो. चप्पल उचलली. मागे दार बंद झाल्याचा आवाज आला, आणि मी वळेपर्यंत गाडी सुटली होती.

"आई!" मी धावलो. "आई, मी राहिलो! थांबा!"

मागच्या काचेला सगळ्या मालकांची तोंडं चिकटलेली दिसली. सासूबाईंचा उजवा हात खिडकीबाहेर आला. मला वाटलं, थांबतायत. तो हात वळणाची खूण करत होता. गाडी वळली आणि दिसेनाशी झाली.

मी रस्त्याच्या मधोमध उभा, हातात सुताराची चप्पल. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सासूबाई आहेत, हेही मी क्षणभर विसरलो. बोलून दम लागला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. जी बाई न्हाव्याच्या साबणासाठी थांबायची, तिने आज माणूस मागे टाकला होता. आणि तोही जावई! मला असा काही आनंद झाला की मी ती चप्पल हवेत फिरवत ओरडलो, "शाब्बास, आई! शाब्बास!" कुंपणापलीकडची गाय चरायचं सोडून माझ्याकडे बघत राहिली.

दिवस मात्र जाता जाईना. शिंपीणबाईंना फोन केला तर त्या कुजबुजल्या, "बोलता येत नाही, साहेब बसलेत." नंतर केला तर उचलेनात. न्हावी उचलेना. बायकोचा फोन ड्यूटीवर असताना बंदच असतो. मिरचीने मला विचारलं, "बाबा, तुम्ही असे गोल गोल का फिरता?" मी फिरणं थांबवलं आणि पाय हलवत बसलो.

संध्याकाळी मी तिला घेऊन थांब्यावर गेलो. बस वेळेवर आली. अगदी ठरल्या वेळेला! दार उघडलं. न्हावी उतरला, माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसला आणि चालू लागला. शिंपीणबाई उतरल्या, त्यांनी तोंडाला पदर लावला. सुतार एका पायात चप्पल घालून उतरला, दुसरी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाला, "आभारी आहे, मॅनेजरसाहेब."

"अरे, झालं काय ते कुणी सांगेल का?"

"जावयाला मी सांगणार, असं बजावलंय त्यांना," सासूबाई आपल्या जागेवरूनच म्हणाल्या. "साहेबांनी विचारलं, रस्त्यात चप्पल घेऊन ओरडतोय तो माणूस कोण? म्हटलं, आमचे मॅनेजर. साहेब म्हणाले, मॅनेजरला टाकून जाणारी गाडी आणखी कुणासाठी थांबायची नाही. आणि केली सही." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "रागावलात का, जावईबापू?"

"आई, तुम्ही मला रोज टाकून जा," मी म्हणालो.

"मग बाजूला व्हा. दारात उभे राहिलात तर ती उतरणार कशी?"

मी बाजूला झालो. पायरीवर बायको उभी होती. एका खांद्यावर गादीची वळकटी, हातात स्टोव्ह, दुसऱ्या काखेत उशी. चेहरा दमलेला आणि सगळा हसरा.

"आईने इस्पितळातून थेट खोलीवरच नेलं," ती म्हणाली. "म्हणाली, चल, सामान उचल, गाडी थांबणार नाही. बघता काय नुसते, धरा की!"

मी वळकटी धरली. मिरची इतका वेळ माझ्या पायाला चिकटून उभी होती. तिने गादीकडे बघितलं, स्टोव्हकडे बघितलं, आईच्या तोंडाकडे बघितलं. पुढे झाली, आईच्या काखेतली उशी खसकन ओढली आणि ती छातीशी धरून घराच्या दिशेने पळत सुटली.

"अगं, हळू! कुठे चाललीस?" बायको ओरडली.

"लपवायला!" मिरची मागे न बघता ओरडली.