वस्तऱ्याचा खण

आमच्या दादाला खोटं बोलायचं असलं की तो लवंग चघळतो. त्यामुळे तो जेव्हा म्हणाला, "दारू सोडणाऱ्यांची एक बैठक भरते, तिथे जाणार आहे," तेव्हा मी आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला. मग विचारलं, "कुठे भरते? गुत्त्याच्या मागच्या खोलीत?"

"भावजी, पत्ता मी आणलाय," वहिनी म्हणाली. दवाखान्याच्या भिंतीवर तिला तो कागद दिसला होता. "तुम्ही सोबत जा. नुसते दारापर्यंत सोडून येऊ नका, आत बसा."

बसलो. माझाही त्यात जीव अडकला होता. वडिलांच्या माघारी केशकर्तनाचं दुकान आम्हा दोघांचं. वस्तरा धरावा तर दादानेच, असं गिऱ्हाइकं म्हणायची. मग एके दिवशी त्याने एकाला कानाखाली चरकन कापलं, आणि वस्तरा माझ्या खणात गेला. खणाला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. दादा आता केस कापतो, केर काढतो आणि मधूनच खणाकडे बघतो. मागत नाही कधी. वस्तरा दिला नाही तर दादा आतून संपणार, आणि दिला अन् कोणाचा गळा चिरला तर सगळंच संपणार. या विचाराने मला घास गोड लागत नव्हता.

बैठक एका शाळेच्या वर्गात होती. बाक लहान मुलांचे, त्यामुळे मोठमोठे बाप्ये गुडघे छातीशी घेऊन बसलेले. नाव विचारायचं नाही, वर्गणी द्यायची नाही, वर चहा फुकट. फुकट म्हटल्यावर माझे कान टवकारले. इथे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. काहीतरी गळ्यात मारतील, नाहीतर कुठल्या तरी महाराजांच्या पायाशी नेऊन बसवतील.

मी एकेकाचा चेहरा बघून घेतला. आमच्या धंद्यात माणूस आधी हनुवटीत दिसतो. थरथरत्या हाताने केलेली दाढी काही लपत नाही: एकाच्या जबड्यावर खुंट तसेच राहिलेले, दुसऱ्याने कानाशी कापूस चिकटवलेला. ही मंडळी खरी होती. पण बैठक चालवणारा? त्याचे गाल कसे गुळगुळीत, लोण्यासारखे. "मी बेवडा आहे," तो शांतपणे म्हणाला. मी मनात म्हटलं, कसला डोंबलाचा बेवडा! थेंबाला शिवला नसेल हा.

घरी येताना दादाला म्हणालो, "सोंगाड्या आहे तो. असली दाढी पिणाऱ्याची असते का?"

"माझ्याही तेच मनात आलं," दादा म्हणाला. बऱ्याच दिवसांनी आमचं कशावर तरी एकमत झालं होतं.

पुढच्या बैठकीत माझ्याच्याने राहवलं नाही. मी सरळ विचारलं, "साहेब, दाढी कोण करतं तुमची?"

सगळे हसले. तो हसला नाही. "दुकान कुठे आहे तुमचं?" एवढंच त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी दुकानात हजर. दादाच्या खुर्चीत बसला आणि मान मागे टाकली. हनुवटीच्या खाली, समोरून कधी दिसणार नाहीत असे, जुने पांढरे वण होते. एकावर एक.

"हे माझ्याच हातचे," तो म्हणाला. "तेव्हापासून बायको करते दाढी. पण आज तुम्ही करा." हे तो दादाला म्हणाला होता.

मी वरमलो. दादाच्या तोंडाला लवंगेचा वास होता का? होता. पण पाहुणा गळा उघडा टाकून बसलेला, आणि त्याला नको नको ते बोलून बसलेलो मीच. कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? खण उघडला. वस्तरा दिला.

दादाने ब्रश फिरवला. फेस असा आणला की वडीलच उभे आहेत असं वाटलं. डाव्या हाताने त्याने कातडी ताणली, उजव्या हाताने वस्तरा गळ्याजवळ नेला. हात जराही हलत नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुटलो, म्हटलं. सावरला माझा भाऊ.

आणि दादा थांबला. त्याने वस्तरा मिटला.

"हात बघितलास माझा?" तो मला म्हणाला. "न घेता कधी इतका स्थिर राहतो का रे? सकाळी घेतलीय मी."

मला भयंकर राग यायला हवा होता, पण आला नाही. दादाच्या तोंडून अशी कबुली मी जन्मात कधी ऐकली नव्हती.

खुर्चीतला माणूस डोळे न उघडताच म्हणाला, "संध्याकाळी बैठकीला याल ना?"

"येतो," दादा म्हणाला. मग वस्तरा माझ्या हातात दिला. "फेस वाळतोय. तू कर."

मी केली. कशीबशी, कारण आता माझाच हात थरथरत होता. पाहुणा गेल्यावर वस्तरा धुतला, पुसला, आणि दादाच्या देखत तो पुन्हा कुलपात कसा ठेवायचा या विचाराने अवघडून वळलो.

दादा खणापाशी उभा होता. माझ्यासाठी त्याने तो ओढून उघडा धरला होता.