आवाज नसलेली सतरा मिनिटं

मित्रांनो, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारा मी एक जुना माईक आहे. माझ्या अंगावर राखाडी केसांची टोपी असते. तिच्यामुळे वाऱ्याची घरघर माझ्यापर्यंत पोचत नाही. कारखान्यात माझ्यासारखे शेकडो बनले. मी ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या मयूराकडे आलो. मयूरा माहितीपट बनवते. तिचे बाबा, प्रल्हाद, मूळचे साताऱ्याचे. आई सायोको जपानी.

दोन वर्षं आम्ही जपानमधल्या एका गावच्या प्राथमिक शाळेत जात होतो. जपानी मुलं शाळेत काय शिकतात, हे मयूराला दाखवायचं होतं. तिथे जेवणानंतर मुलंच वर्ग पुसतात. ओल्या फडक्यावर दोन्ही हात टेकायचे, कंबर वर करायची आणि लाकडी फरशीवरून धावत सुटायचं. तो सर्र आवाज मी इतका स्वच्छ टिपला, की मयूराने माझ्या टोपीवरून हात फिरवला.

हजेरीही टिपली. जपानीत ‘हाय’ म्हणजे ‘हो’. घरी ती ऐकून बाबा हसत सुटले. “अगं, ही पोरं आमच्या गावाकडचीच! बाई नाव घेतात आणि ही म्हणतात, हाय!”

“बाबा, शांत बसा ना. ऐकू दे.”

ती फडकी मुलांच्या आया जुन्या टॉवेलांची शिवून देतात. पडद्यावर ती दिसली तेव्हा सायोको हळूच म्हणाली, “माझं मीच शिवलं होतं.” आपल्या शाळेबद्दल ती घरात कधीच बोलली नव्हती. मयूराने खूप विचारलं. “नंतर सांगते,” एवढंच उत्तर मिळालं.

मग सायोकोच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशन सोमवारी ठरलं, आणि रविवारी दुपारी सायोको स्वतःच म्हणाली, “मयूरा, कॅमेरा आण.”

मयूराने घाईघाईने मांडामांड केली. माझ्या पोटात एक छोटी बॅटरी असते. एरवी ती आधी तपासायची. त्या दिवशी राहिलं. तिने हेडफोन चढवले, तेव्हा माझ्याकडून आवाज ठीक येत होता.

“हे काय कानावर?” सायोको म्हणाली. “आईशी बोलताना?”

मयूराने हेडफोन काढून ठेवले.

सायोको आपल्या गावच्या जपानीत बोलू लागली. “त्या वर्षी आई नव्हती, म्हणून मी तिच्याच...” इथवर मी टिपलं, आणि माझी बॅटरी संपली. कॅमेरा चित्र घेत राहिला. मला ओरडून सांगता आलं नाही. मला स्वतःचा आवाज नाही. मी फक्त दुसऱ्यांचे नेतो.

पंधरा दिवसांनी मयूराने ते चित्रण उघडलं. सतरा मिनिटं आईचे ओठ हलत होते. मध्येच तिने डोळे पुसले, एकदा हसलीसुद्धा. आवाज नव्हता.

“तू समोरच होतीस ना? आठव,” बाबा म्हणाले.

“मी फोकस बघत होते, बाबा. ऊन सरकत होतं. मला वाटलं, नंतर नीट ऐकू. तुम्हीपण होतात की तिथे.”

“मला कुठं जपानी येतं?” बाबा खाली बघत म्हणाले. “चाळीस वर्षं झाली लग्नाला. नाही शिकलो.”

सायोको आता पाटीवर लिहून बोलते. मयूराने तिच्यापुढे पाटी धरली. सायोको बराच वेळ खडू हातात धरून बसली. मग तिने लिहिलं, “बोलताना आलं. लिहिताना येत नाही.” आणि पाटी पुसून टाकली.

आता मयूराकडे नवा माईक आहे. मी खोक्यात असतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्याची काळजी घ्या. बॅटरी बदला, हेडफोन लावा. पण मी चांगला असतो तेव्हासुद्धा एक चूक माझ्या भरवशावर होते, आणि ती बॅटरी बदलून सुधारत नाही. घरातलं माणूस बोलू लागलं आणि तुमच्या मनात आलं, ‘नंतर नीट ऐकू’, तर कॅमेरा बाजूला ठेवा. त्याच्या तोंडाकडे बघा आणि तेव्हाच ऐका.